रविवारची सुटी आणि शेतातला सरवा

नगरच्या सावेडीतून मनमाड रस्त्याने नागापूरच्या एमआयडीसीत सकाळच्या पाळीला निघालेल्या कुणालाही विचारा, आठवड्याची सुटी आपल्याला कुणी दिली? बहुतेकांचं उत्तर एकच असेल: इंग्रजांनी. हे उत्तर इतकं रुजलंय की ते तपासावं असं कुणाला वाटत नाही. पण मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास वेगळंच सांगतो.

साहेबाच्या कचेऱ्या रविवारी बंद असत, साहेब चर्चला जाई. त्याच मुंबईतला गिरणी कामगार मात्र उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत, आठवड्याचे सातही दिवस राबत होता. 1881 च्या कारखाना कायद्याने लहान मुलांना महिन्याला चार सुट्या दिल्या, मोठ्या माणसांना एकही नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचं निवेदन तयार केलं. रविवारची पूर्ण सुटी ही त्यातली ठळक मागणी. तिच्यासाठी सहा वर्षं झगडावं लागलं. एप्रिल 1890 मध्ये मुंबईत दहा हजारांच्या आसपास कामगार जमले, बायकाही व्यासपीठावरून बोलल्या, आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये गिरणीमालकांनी रविवार मान्य केला. ज्योतीराव फुल्यांच्या सत्यशोधक परंपरेतल्या, ‘दीनबंधु’ हे पत्र चालवणाऱ्या माणसाने ती सुटी मिळवली. तिचं श्रेय सरकारच्या नावावर चढतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मग साहेबाकडे तरी रविवार कुठून आला? इथे दुसरा गैरसमज आडवा येतो. पाश्चात्य संस्कृती म्हणजे ग्रीस आणि रोम, असं आपण शाळेत शिकतो. तत्त्वज्ञान, नाटक, गणतंत्र, रस्ते, कायदा, सगळं त्यांच्या खात्यात. ग्रीक-रोमनांचे सण पुष्कळ होते, पण दर सातव्या दिवशी मालकापासून गुलामापर्यंत सगळ्यांनी हात थांबवायचे, हा नियम त्यांच्याकडे नव्हता. उलट रोमन तत्त्वज्ञ सेनेकाने ज्यूंच्या शब्बाथवर, म्हणजे सातव्या दिवसाच्या विश्रांतीवर, टीका केली की हे लोक आयुष्याचा सातवा हिस्सा रिकामं बसून वाया घालवतात.

हा नियम ज्यूंच्या तोरा या धर्मग्रंथातला. मराठी बायबलात तो ‘निर्गम’ आणि ‘अनुवाद’ या पुस्तकांत सापडतो, दहा आज्ञांपैकी एक म्हणून. त्या आज्ञेतली यादी सावकाश वाचण्यासारखी आहे. विश्रांती कुणाला? घरधन्याला, त्याच्या मुलामुलींना, दासाला, दासीला, बैलाला, गाढवाला आणि गावात आलेल्या परक्यालाही. ‘निर्गम’मध्ये याचं कारण दिलंय की देवाने सहा दिवसांत सृष्टी घडवून सातव्या दिवशी विसावा घेतला. ‘अनुवाद’मध्ये कारण निराळं आहे: तुम्ही स्वतः मिसर देशात, म्हणजे इजिप्तमध्ये, गुलाम होतात, ते विसरू नका. आपल्या पूर्वजांच्या गुलामीची आठवण ठेवून दुसऱ्याच्या गुलामाला सुटी द्यायची! प्राचीन जगातल्या कायद्यांत इतकी हृदयातून आलेली तरतूद मला दुसरी दिसत नाही. नांगरणी-कापणीच्या ऐन घाईतही हा दिवस पाळायचा, असंही ‘निर्गम’ बजावतं.

रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने 321 साली सूर्याच्या वाराला, म्हणजे रविवारी, न्यायाधीश, शहरवासी आणि कारागीर यांना काम बंद ठेवायला सांगितलं. शेतकऱ्याला मात्र त्यातून वगळलं, पेरणीचा मुहूर्त चुकू नये म्हणून. युरोपचा रविवार म्हणजे शब्बाथ नव्हे. शब्बाथ शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होतो आणि शनिवारी रात्री तारे दिसले की संपतो. विश्रांतीचा विचार ज्यूंचा, वार मात्र ख्रिस्ती लोकांनी येशूच्या पुनरुत्थानाचा म्हणून धरलेला आणि रोमच्या सत्तेने पक्का केलेला.

‘ज्यू विचार म्हणजे युरोपातून आलेली गोष्ट’ हे तर महाराष्ट्रात कुणी म्हणूच नये. अलिबागच्या नवगावला गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, अशी बेने इस्राएलांची, म्हणजे इथल्या मराठी ज्यूंची, स्वतःची आख्यायिका आहे. रायगडातल्या गावांवरून त्यांची आडनावं पडली: पेणकर, रोहेकर, दिवेकर, किहीमकर. त्यांच्यातले पुष्कळ जण तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा जुंपत नसत, म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत. सोमवारी घाणा बंद ठेवणारे हिंदू तेली ते सोमवार तेली. शेजारच्या गावात कुणाच्या घाण्याचा बैल कुठल्या वारी मोकळा, यावरून माणसं ओळखली जात आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी मुंबईत मांडवीला पहिलं सिनेगॉग बांधलं ते 1796 मध्ये. इजिप्तमधून सुटकेची कथा ज्या हगादा ग्रंथात वाचतात, त्याची मराठी भाषांतरासह शिळाछाप प्रत मुंबईत 1846 मध्ये निघाली. मराठी घरांत हा विचार मराठीतच नांदला.

आता उलट टोकाचा गैरसमज: सात वार ज्यूंनीच जगाला दिले. तसं नाही. रवी, सोम, मंगळ ही ग्रहांची नावं ग्रीक-रोमन काळातल्या ज्योतिषातून फिरत आली. भारतात वाराचा उल्लेख असलेला सर्वांत जुना ज्ञात शिलालेख मध्य प्रदेशातल्या एरणचा, इसवी सन 484 चा. ज्यू लोक वारांना नुसते आकडे देत, पहिला, दुसरा, तिसरा, आणि सातव्याला शब्बाथ. ग्रहांचे वार आणि विश्रांतीचा सातवा दिवस हे दोन ओघ पुढे रोमन साम्राज्यात एकत्र झाले. रविवार पहिला धरणाऱ्या त्या जुन्या मोजणीची खूण आपल्या 1948 च्या कारखाना कायद्यातही उमटली: त्यात आठवडा शनिवारच्या मध्यरात्री सुरू होई आणि कामगाराची सुटी आठवड्याच्या पहिल्या दिवशी सांगितली होती.

तोरेतल्याच ‘डोळ्याला डोळा’ या वचनाबद्दलच्या गैरसमजाविषयी थोडक्यात. ती क्रूर सुडाची आज्ञा नव्हे, सुडाची कमाल मर्यादा आहे: एका डोळ्याबद्दल अख्खं घराणं कापायचं नाही. ज्यू धर्मपंडितांनी तिचा अर्थ पुढे पैशाची भरपाई असाच लावला.

शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर, हे वाक्य मात्र सविस्तर बोलण्याजोगं आहे. ते येशूचं म्हणून सगळ्यांना ठाऊक आहे. येशू स्वतः ज्यू होता आणि तो ‘लेवीय’ या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायातलं वाक्य सांगत होता. तिथे ते वाक्य एकटं नाही. आजूबाजूला कामाचे नियम आहेत. मजुराची मजुरी रात्रभर आपल्याकडे ठेवू नका. खोटी मापं वापरू नका. आणि शेत कापताना कडेचं पीक सोडून द्या, खाली पडलेली कणसं उचलू नका, ती गरिबांसाठी आणि परक्यांसाठी.

नगर जिल्ह्यात ज्यांनी रब्बीच्या ज्वारीची काढणी पाहिली आहे, त्यांना सरवा ठाऊक असतो. काढणी झालेल्या रानात मागे राहिलेली कणसं गोळा करायला बायकापोरं यायची. रूथची गोष्ट याच सरव्याची: परदेशातून आलेली विधवा बेथलेहेमच्या रानात सातूची कणसं वेचते आणि पुढे दावीद राजाची पणजी होते. पुढच्या पंडितांनी तर हिशेबच मांडला. मिश्ना या ग्रंथात शेताचा किमान साठावा हिस्सा कडेला सोडला पाहिजे असं आहे. हे मालकाने मर्जीने घातलेलं दान नव्हे. धान्य गरिबाच्या हक्काचं, मालकाने फक्त वाटेत यायचं नाही. दयेपेक्षा हक्काची भाषा मला इथे फार मोठी वाटते.

नगरला ही पुस्तकं मराठीत फार पूर्वी पोचली. अमेरिकन मराठी मिशनचं इथलं काम 1831 मध्ये सुरू झालं, ‘ज्ञानोदय’ 1842 मध्ये इथूनच निघू लागलं. त्यामुळे बायबल म्हणजे मिशनऱ्यांचा ग्रंथ, ही समजूत स्वाभाविक आहे. पण त्याचा सुमारे तीन चतुर्थांश भाग, म्हणजे जुना करार, ज्यूंचा ग्रंथ आहे. ‘स्तोत्रसंहिता’ चर्चच्या आधी जेरुसलेमच्या मंदिरात गायली गेली. पंडिता रमाबाईंना हे नीट उमगलं होतं. संस्कृतावर प्रभुत्व असलेल्या त्या बाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि बायबल थेट मूळ भाषांतून मराठीत आणायला बसल्या.  

ज्यू विचाराचा प्रभाव होता म्हणजे युरोपने सगळं निमूट मानलं, असंही कुणी समजू नये. 1788 मध्ये इंग्लंडच्या कोर्टात स्टील विरुद्ध हॉटन असा खटला उभा राहिला. सफोक परगण्यातल्या मेरी हॉटनने जमीनमालकाच्या शेतात सरवा वेचला होता. गरिबाला तसा हक्क आहे का, यावर न्यायाधीशांपुढे मोशेच्या नियमशास्त्राचा, म्हणजे तोरेचा, दाखला आला. एका न्यायाधीशाने तो मानला, बाकीच्यांनी फेटाळला आणि मालक जिंकला. मालमत्तेचा हक्क तोरेपेक्षा वरचढ ठरला. तरी इंग्लंडच्या खेड्यांत सरवा थांबला नाही. एकोणिसाव्या शतकातही अनेक गावांत सुगीनंतर सकाळी चर्चची घंटा वाजे, मग बायका रानात शिरत आणि संध्याकाळच्या घंटेला वेचणं थांबवत, म्हणजे म्हाताऱ्यांना आणि लहान मुलांच्या आयांनाही वाटा मिळे.