भोंगा, टेप आणि माठावरचा स्पीकर

हाय-फाय यंत्रांच्या आठवणी निघाल्या की जगभर तीच नावं घेतली जातात. इंग्लंडच्या क्वाडचा १९५७ सालचा इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर, गॅरार्डचं ३०१ टर्नटेबल, बीबीसीने आपल्या बाह्य प्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी घडवलेला चिमुकला एलएस ३/५ए, जपानच्या टेक्निक्सचं एसएल १२००. यातलं एकही यंत्र मी अहमदपुरात कुणाच्या बैठकीत पाहिलेलं नाही, आणि कुणाकडे होतं असं ऐकलेलंही नाही. नांदेड-लातूर रस्त्यावरच्या या तालुक्याच्या गावात रेल्वे आली नाही, आणि संध्याकाळी व्होल्टेज असं उतरायचं की ट्यूबलाइट नुसती फडफडत राही. तरी ऐकणं इथंही बदललं, चांगलं मुळापासून बदललं. ते कशाकशाने बदललं याचा हा आढावा. यात किमतीला मान नाही. कानाला आधी न मिळालेलं काय मिळालं, एवढीच कसोटी.

या कसोटीवर पहिला मान भोंग्याचा. जाणकार हसतील, हसू द्या. १९४० सालापासूनच्या अहुजा कंपनीचा अ‍ॅम्प्लिफायर आणि दुमडलेला अ‍ॅल्युमिनियमचा कर्णा ही जोडी या भागात लग्न, निवडणूक, सप्ताह आणि जत्रा या चारही ठिकाणी दिसे. कर्ण्याच्या मागच्या युनिटमधला लहानसा पडदा हवा अरुंद गळ्यात दाबतो, आणि पुढं पसरत जाणाऱ्या नळीमुळे ती ताकद वाया न जाता बाहेर पडते. त्यामुळे थोडक्या वॅटमध्ये आवाज शिवारभर जातो. अ‍ॅम्प्लिफायर बारा व्होल्टच्या गाडीच्या बॅटरीवरही चालत असे, म्हणून वीज नसलेल्या वाडीतही वरातीचं अडत नसे. लांबच लांब तार ओढायची असली तर शंभर व्होल्टच्या लाइनवर एकामागून एक कर्णे जोडायचे. बारीक तारेतही आवाज फारसा मरत नाही.

पण कर्णा निवडक आहे. साधारण तीनशे हर्ट्झच्या खालचं तो सोडून देतो आणि वरचं पाच-सहा हजारांच्या पुढं नेत नाही. माणसाचे शब्द नेमके या पट्ट्यात बसतात. अहमदपूर हे वीरशैवांचं मोठं केंद्र. अखंड शिवनाम सप्ताहात मन्मथस्वामींच्या परमरहस्याचं पारायण लागलं की त्यातली ओवी न् ओवी खळ्यावरच्या माणसालाही कळे. मृदंगाचा घुमारा मात्र गायब, टाळ तेवढे किणकिणत. माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेत तमाशाच्या तंबूवर हेच कर्णे चढले, आणि उंच पट्टीत, धारदार आवाजात गाणारी बाई दूरवर ऐकू येऊ लागली. खर्जातल्या आवाजाला आमच्याकडे दाद उशिरा मिळाली त्याचं एक कारण हा कर्णाच असावा, असं मला वाटतं. जो आवाज पोचतच नाही त्याची गोडी लागणार कशी?

रेडिओची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती सगळ्यांना पाठ आहे. १९४८ पर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता आणि संस्थानाचा स्वतःचा डेक्कन रेडिओ होता. पुढं मर्फी, फिलिप्स, बुश यांचे लाकडी पेटीतले व्हॉल्व्हचे रेडिओ आले, छपरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाळीच्या पट्टीची एरियल आली, आणि पोस्टात जाऊन भरायची लायसनची फी आली. त्या पेटीचा आवाज आजही कानात गरम वाटतो, त्यात जादू काही नव्हती. स्पीकर मोठा, पेटी मोठी, मागची बाजू मोकळी, त्यामुळे पुरुषाच्या आवाजाला छाती मिळे.

बाळकृष्ण केसकर या मराठी मंत्र्यांनी आकाशवाणीवरच्या सिनेसंगीतावर कात्री चालवली, आणि ३ डिसेंबर १९५२ ला सिलोनवर सुरू झालेल्या बिनाका गीतमालेकडे सगळा देश वळला. सिलोन शॉर्टवेव्हवर. लाटा वरच्या वातावरणातल्या विद्युतभारित थरावर आपटून खाली येतात आणि तो थर हलता असतो, म्हणून ऐन अंतऱ्यात गाणं दूर जाई आणि ध्रुपदाला परत येई. शिवाय त्या प्रक्षेपणात साडेचार-पाच हजार हर्ट्झच्या वरचं जवळपास काहीच नसे. पैंजण, झांजा, सतारीच्या तरफा यांची वरची झळाळी आमच्या आधीच्या पिढीने ऐकलीच नाही. आठवणीत मात्र ती गाणी पूर्ण आहेत. १९६८ साली आकाशवाणीचं परभणी केंद्र सुरू झालं तेव्हा या भागाला प्रथमच दिवसाढवळ्या, न विरणारा, जवळचा आवाज मिळाला. मला विचाराल तर अहमदपूरचं पहिलं हाय-फाय तेच. कार्यक्रम शेतीचा असो की भावगीतांचा, सूर जागचा हलत नव्हता. तोवर ट्रान्झिस्टर हाती आलेला होता. त्याचा तळहाताएवढा स्पीकर किरकिरा, पण तो चामडी कव्हरात गळ्यात अडकवून औतामागे नेता येई, आणि सेल उतरले की उन्हात ठेवून आणखी दोन दिवस ढकलता येत.

तबकडी इथं थोड्या घरांत होती. तिच्यातला विरोधाभास मात्र नोंदवण्याजोगा आहे. जुन्या तबकड्यांसाठी लागणारी लाख मुख्यतः भारतातूनच जगभर जात असे, आणि भारतातल्या खेड्याला तबकडी महाग होती. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांत संपायची. अब्दुल करीम खाँ असोत की बालगंधर्व, सगळ्यांना त्या मापात बसावं लागलं. १९४८ साली अमेरिकेत एलपी आली आणि एका बाजूला वीस मिनिटांहून अधिक वेळ मिळाला. १९५५ मध्ये अली अकबर खाँ यांची सरोदवादनाची एलपी न्यूयॉर्कमध्ये मुद्रित झाली. अमीर खाँ यांचा मारवा आणि दरबारी आपल्याला त्यांच्या सावकाश चालीत मिळाला तो एलपीमुळेच. अति विलंबित गाणाऱ्या या गवयाला तीन मिनिटांत सम गाठायला लावणं हा छळच झाला असता.

पण तालुक्याच्या गावात एलपी वाजवणार कोण? कॅसेटवाला.

इथं थांबून जरा बसायला हवं. १९६३ साली फिलिप्सने बर्लिनच्या प्रदर्शनात आणलेली कॅसेट मुळात पत्रं सांगायला, टिपणं घ्यायला केलेली वस्तू. चार मिलिमीटरही रुंद नसलेली फीत, सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर वेग. कागदावर ती एलपीपेक्षा सगळ्या बाजूंनी हलकी. आखाती देशांतून परतणाऱ्यांच्या सामानातून टू-इन-वन येऊ लागले, १९८३ साली गुलशन कुमारांची सुपर कॅसेट्स उभी राहिली, आणि गाणं विकत घेणं ही चहा-भज्यांच्या खर्चाची गोष्ट झाली. लहान लहान कंपन्या निघाल्या. मोठ्या कंपनीने तबकडी काढायला नाकारलं असतं असं कितीतरी बाजारात आलं. मराठवाड्यात याचा अर्थ फार मोठा होता. १९७८ साली विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला, त्यानंतर जाळपोळ झाली, आणि १४ जानेवारी १९९४ च्या नामविस्तारापर्यंत हा प्रश्न धगधगत राहिला. त्या वर्षांत प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांच्या आवाजातली भीमगीतं, वामनदादा कर्डकांचे शब्द वस्त्यावस्त्यांत टेपवर वाजत होते. दुसरीकडे बाबामहाराज सातारकरांचा हरिपाठ पहाटे घराघरांत लागे. याआधी आवाज मुंबई-पुण्याहून, केंद्रांवरून आमच्याकडे येई. आता कोणता आवाज लावायचा हे वस्तीतल्या माणसाच्या बोटावर आलं.

आणि गावातलं खरं हाय-फाय या धंद्याच्या दुकानातच होतं. ‘गाणी भरून मिळतील’ अशी पाटी, मागच्या फळीवर एलपींची चळत, एक बऱ्यापैकी टर्नटेबल, दोन डेक. गिऱ्हाईक वहीच्या पानावर यादी लिहून देई, कोरी साठची किंवा नव्वदची कॅसेट घेई, आणि चार दिवसांनी भरलेली कॅसेट नेई. दुकानदार जाणता असला तर यादीतलं एखादं गाणं बदलून ‘हे ऐका’ म्हणे. त्याच्या दुकानात उभं राहून एलपी ऐकलेली मुलं घरी येऊन आपला टेप ऐकत तेव्हा त्यांना कळे की तबल्याला डगाही असतो.

त्या दुकानांत एक विद्या होती, तिच्याबद्दल फार कमी लिहिलं गेलं. टेपच्या हेडशेजारी एक बारीक स्क्रू असतो. तो फिरवला की हेडचा कल बदलतो. दहा हजार हर्ट्झचा सूर फितीवर उमटतो तेव्हा त्याची लांबी मिलिमीटरच्या सुमारे दोनशेव्या भागाएवढी असते. हेडची फट फितीशी काटकोनात नसेल, जेमतेम अर्ध्या अंशाने कललेली असेल, तर हा सूर स्वतःलाच खोडून टाकतो आणि गाणं घोंगडीखालून आल्यासारखं वाटतं. मेकॅनिक कॅसेट चालू ठेवून, कान स्पीकरला लावून, तो स्क्रू केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवी. मग एकाएकी झांज उघडे, ‘स’ आणि ‘श’ वेगळे होत. हेड स्पिरिटच्या बोळ्याने पुसायचं, रबरी चाकावरची तपकिरी भुकटी काढायची, सैल झालेला पट्टा बदलायचा. एवढ्याने जो फरक पडे तो पुढं हजारो रुपये मोजून मला क्वचितच मिळाला. डॉल्बी पद्धतीने मुद्रित कॅसेट तिचं बटण नसलेल्या टेपवर लावली की आवाज जरा जास्तच चमकतो. आमच्याकडे ती चमक आवडे, खरखरीकडे लोक दुर्लक्ष करीत.

कॅसेटने वरचे सूर सुधारायला शिकवलं, आता लोकांना खालचे हवे होते. इथं असेंबल डेकचा काळ सुरू होतो. हैदराबादच्या कोटीतल्या गुजराती गल्लीतून किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग यायचे. सान्योची ४४४० नंबरची आयसी यातली राणी. बारा व्होल्टवर चालते, दोन्ही बाजूंना सहा-सहा वॅट देते, जोडून घेतली तर एकोणीस. भारनियमनात बारा व्होल्टला फार मोल होतं. ज्याला जास्त दणका हवा तो २एन३०५५ ट्रान्झिस्टरच्या जोड्या लावून घेई. पेटी सुतार करून देई, समोर चमचमणारे दिवे. कोलकात्याच्या सोनोडाइनचे संच शहरात नावाजले जात तेव्हा आमच्याकडे बिननावाचे डेक प्लायवूडच्या पेटीत जन्मत होते, आणि ते दुरुस्त करता येत, कारण ज्याने जोडले तो चार दुकानं पलीकडेच बसलेला असे.

या काळातली सर्वांत हुशार गोष्ट म्हणजे माठ. सुटा स्पीकर हातात धरून वाजवला तर खर्ज ऐकू येत नाही, कारण पडदा पुढं जाताना मागची हवा कडेने पुढं येऊन त्याला रद्द करते. तोच स्पीकर रिकाम्या माठाच्या तोंडावर बसवला की मागची हवा आत कोंडते आणि ढोलकीला पोट फुटतं. भाजलेली माती जाड, कडक. पातळ प्लायवूडसारखी ती स्वतः थरथरत नाही. शिवाय गोल आकाराला कोपरे नाहीत. अमेरिकेच्या आरसीए कंपनीतल्या हॅरी ओल्सन यांनी १९५० च्या सुमारास वेगवेगळ्या आकारांच्या पेट्या मोजून पाहिल्या, तेव्हा गोलाकार पेटीतून येणारा आवाज सर्वांत सपाट, विनाअडथळा निघाला होता. ते इथल्या पोरांनी वाचलेलं नव्हतं. त्यांच्याकडे उन्हाळा संपल्यावर रिकामा झालेला माठ होता. उणीव एकच. माठाला स्वतःचा एक सूर असतो आणि प्रत्येक गाण्याचा खर्ज त्याच सुरात घुमतो. लग्नात हे चालतं, भूपात खटकतं.

१९८२ साली सोनी आणि फिलिप्सने आणलेली सीडी आमच्याकडे बरीच उशिरा पोचली. तिने दिलेली मोठी देणगी शांतता. फितीची खरखर गेली, आणि गवय्याने सूर लावण्याआधी मागे चालू असलेला तानपुरा प्रथमच नीट ऐकू आला, त्याची जवारी ऐकू आली. पुण्याच्या केडन्स ऑडिओने इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर बनवून परदेशी मासिकांची दाद मिळवली ती या सीडीच्या काळातच. क्वाडने जो मार्ग धरला होता त्यावर एक मराठी शहर चाललं हे आपल्याला फारसं ठाऊक नाही. तालुक्यात मात्र सीडीच्या पाठोपाठ लगेच एमपीथ्री आली. एका तबकडीत दीडशे गाणी, बारा तास. गाण्यांची संख्या वाढली तसा आवाज पुन्हा उतरला, आणि वरच्या सुरांत पाण्यात बुडबुडे फुटावेत तशी खळखळ ऐकू येऊ लागली. कॅसेट भरून देणाऱ्याच दुकानांनी मग मेमरी कार्ड भरून द्यायला सुरुवात केली.

पुढचं सगळ्यांच्या कानांसमोर आहे. लग्नातल्या भिंतीएवढ्या स्पीकरांनी माठाची हौस हजार पटींनी फेडली. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे. वरातीशेजारी उभ्या माणसाने ती वाचली तर त्याला करमणूक होईल. त्याच वेळी हजार-दोन हजारांचे इअरफोन असेंबल डेकपेक्षा कितीतरी अचूक वाजतात. गंमत अशी की आज अचूकपणा प्रत्येकाच्या खिशात आहे आणि ऐकायला बसण्याची जागा कुणाकडे नाही.

घरात जुना टू-इन-वन असेल तर तो भंगारात घालण्याआधी एक काम करावं. पट्टा बहुधा विरघळून डांबर झालेला असेल. तो पुसून नवा घालता येतो. मग त्या भरून घेतलेल्या कॅसेटी बाहेर काढाव्यात. सिनेमाची गाणी सगळीकडे मिळतात, ती सोडून द्यावीत. पण गावातल्या सप्ताहातलं कीर्तन, वस्तीतल्या गायन पार्टीचा सामना, आजोबांनी म्हटलेला पाळणा हे कुणी कंपनीने काढलेलं नाही, त्याची दुसरी प्रत नाही. टेपच्या इअरफोनच्या भोकातून तार काढून संगणकाला जोडली की उतरवून घेता येतं. घाई एवढीच करू नये की एका कॅसेटवर हेड जुळवलं म्हणजे सगळ्या जुळल्या. प्रत्येक कॅसेट वेगळ्या डेकवर, वेगळ्या कलाने भरलेली असते. दर वेळी स्क्रू पुन्हा फिरवावा लागतो, ‘स’ आणि ‘श’ वेगळे ऐकू येईपर्यंत.