भिंतीवरचे प्रमाणपत्र

औषधांच्या दुकानात फार्मासिस्टचे नोंदणी प्रमाणपत्र भिंतीवर लावलेले असते. काही ठिकाणी मात्र प्रमाणपत्र तेवढे असते, माणूस नसतो. त्याने ते दुकानदाराला जणू भाड्याने दिलेले असते. यात बिघडते काय?

समजा, रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून एखादा रुग्ण वॉरफरिन घेतो आहे. दुसऱ्या डॉक्टरांनी त्याला मेट्रोनिडाझोल लिहून दिले. त्यामुळे शरीरातील वॉरफरिनचे विघटन मंदावते, परिणाम वाढतो आणि रक्तस्राव होऊ शकतो. दोन डॉक्टरांच्या या दोन चिठ्ठ्या एकत्र येण्याचा संभव असतो तो औषधाच्या दुकानातच. तेथे जाणकार डोळा हवा, म्हणून नोंदणीची अट.

त्याने कसूर केली तर? दुकानाचा परवाना अन्न व औषध प्रशासन रद्द करू शकते; पण फार्मासिस्टचे नाव असते राज्य फार्मसी कौन्सिलच्या नोंदवहीत. ते काढण्याची तरतूद १९४८ च्या फार्मसी कायद्याच्या कलम ३६ मध्ये आहे. कौन्सिलची कार्यकारी समिती त्याचे म्हणणे ऐकते, जरूर तर चौकशी करते, मगच आदेश काढते. बंदी काही वर्षांची किंवा कायमचीही असते. कौन्सिलने मान्यता दिल्यावर तीन महिन्यांनी आदेश अमलात येतो. मान्यता कळल्यापासून ३० दिवसांत राज्य शासनाकडे अपील करता येते. व्यवसायाला लांछन आणणारे वर्तन कोणते, याची यादी कायद्यात नाही, आणि ते आम्हांला बरेच वाटते. यादी आली की पळवाटाही येतात. हाताखालच्या नोकराने असे वर्तन केले आणि त्याला फार्मासिस्टची फूस होती, तरीही त्याचे नाव जाऊ शकते.