चार बाणांच्या वाटा

मोबाइलवर बोटाला कुठेही जाता येते. पडद्याच्या कोपऱ्यात नाव दिसले की टेकवले बोट. टीव्हीपासून दहा फुटांवर बसलेल्या माणसाच्या हाती मात्र चार बाण, मधले 'ओके' आणि 'बॅक' एवढेच असते. गेली काही वर्षे मी मोबाइलसाठी केलेली चित्रपट-मालिकांची ॲप टीव्हीवर नेण्याचे काम करते. त्यात चित्रे मोठी करणे हा सगळ्यात सोपा भाग. खरा प्रश्न वाटांचा असतो.

चार दिशांची ही कळ आली खेळांतून. १९८२ साली निन्टेन्डोच्या गुन्पेई योकोई यांनी 'डाँकी काँग' या हातात मावणाऱ्या खेळासाठी ती घडवली. खेळात एकच पात्र हलते. टीव्हीवर 'फोकस' हलतो. ज्या चित्रावर तो असतो ते जरा मोठे होते, भोवती चौकट उमटते. बाण दाबल्यावर फोकसने कोणत्या शेजाऱ्याकडे जायचे? अँड्रॉइडमध्ये यासाठी गणित आहे. दाबलेल्या दिशेच्या सरळ पट्ट्यात जे येते त्याला आधी मान. बाकीच्यांसाठी त्या दिशेतल्या अंतराचा वर्ग तेराने गुणायचा, त्यात बाजूला सरकण्याच्या अंतराचा वर्ग मिळवायचा आणि सर्वांत लहान बेरजेचा शेजारी निवडायचा. तेराच का? हा आकडा प्रयोगाने जुळवून बसवलेला आहे, बदलायचे धाडस केलेत तर फोकसच्या सगळ्या चाचण्या पुन्हा करा, अशी टीप त्या कोडमध्येच लिहिलेली आहे. मला ती प्रामाणिक वाटते.

हे गणित पुष्कळदा पुरते, पण कोपऱ्यात एकटे ठेवलेले बटण त्याला सापडेलच असे नाही. ते डोळ्यांना दिसते, बाणांना मात्र गवसत नाही. मग 'इथून उजवीकडे गेल्यास तिथे' असे हाताने लिहावे लागते. ॲपल टीव्हीवर मोकळ्या जागेत एक अदृश्य चौकट ठेवता येते. फोकस तिच्यात शिरला की ती त्याला पुढे धाडते.

शोधताना तर प्रत्येक अक्षराची वाट चालावी लागते. सहा-सहाच्या चौकोनात ए ते झेड आणि पुढे आकडे, असा कळफलक घ्या. फोकस 'ए'वर आहे आणि 'नटसम्राट' रोमन लिपीत, नऊ अक्षरांत लिहायचे आहे. 'एन'पर्यंत तीन दाब, परत 'ए'पर्यंत तीन, 'टी'पर्यंत चार… मी मोजले : बाणांचे बत्तीस आणि 'ओके'चे नऊ, एकूण एक्केचाळीस. मोबाइलवर नऊ! एका काठावरून थेट समोरच्या काठावर जाऊ दिले, तर यातले आठ वाचतात. देवनागरी कळफलक दिला तरी सुटका नाही. स्वर, व्यंजने, मात्रा आणि पाय मोडण्याचे चिन्ह मिळून चौकोन जवळजवळ दुप्पट होतो, आणि 'म्रा'साठी म, पायमोड, र, काना अशा चार फेऱ्या होतात. माइकचे बटण इथे उपयोगी पडते, घरात शांतता असेल तर.

केबलच्या काळात माझ्या सासूबाईंना वाहिन्यांचे क्रमांक पाठ होते. तीन आकडे दाबले की मालिका हजर. क्रमांक हा पत्ता होता. नव्या रिमोटांवरून आकडे बहुधा गेलेच आहेत. आमच्या घरच्या एका ॲपमध्ये मराठी चित्रपटांची ओळ अकरावी आहे. ओळींचा क्रम ठरवणारा माणूस बहुधा माउस हाती घेऊन बसलेला असतो, त्याला खाली सरकणे फुकट पडते. रिमोटवर प्रत्येक ओळीला एक दाब मोजावा लागतो, आणि अकराव्या ओळीपर्यंत किती जण पोचतील? त्या ओळीतले चित्रपट कमी पाहिले गेले तर ती आणखी खाली ढकलली जाण्याचीही भीती. म्हणून कोणत्याही बैठकीत मी आधी दाब मोजायला सांगते.

सर्वांत दुर्लक्षित कळ 'बॅक'ची. समजा, अकराव्या ओळीतला सातवा चित्रपट उघडला, माहिती वाचली, आवडला नाही, म्हणून मागे आलो. ॲपने जागा लक्षात ठेवली असेल तर फोकस त्याच चित्रावर परततो, आठवे शेजारीच असते. ठेवली नसेल तर पहिल्या ओळीच्या पहिल्या चित्रावर येऊन पडतो, म्हणजे दहा खाली आणि सहा उजवीकडे, सोळा दाब पुन्हा. दोनदा असे झाले की सासूबाई रिमोट टीपॉयवर ठेवतात आणि नातवाला हाक मारतात.