नवजात बाळाचा सीआरपी कसा वाचायचा?

कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयाचा नवजात अतिदक्षता विभाग असो की डोंबिवलीतलं एखादं खासगी नर्सिंग होम, ‘बाळाला काचेत ठेवलंय, इन्फेक्शन आहे’ असं कळलं की घरचे विचारतात, ‘सीआरपी (सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन हे रक्तातलं प्रथिन) किती?’ त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारायला हवा: रक्त कधी घेतलं होतं?

जंतुसंसर्गाला शरीराने दिलेला प्रतिसाद बेफाम होऊन अवयवच निकामी होऊ लागतात, तेव्हा त्याला सेप्सिस म्हणतात. नवजात बाळाला हा धोका जास्त असतो. आईकडून वारेतून येणारी प्रतिपिंडं मुख्यतः गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत बाळाला मिळतात. वेळेआधी जन्मलेल्याच्या वाट्याला ती कमीच येतात. शिवाय जंतूंवर धावून जाणाऱ्या पांढऱ्या पेशींचा साठाही तुटपुंजा. म्हणूनच बाळाच्या सेप्सिसमध्ये पांढऱ्या पेशी वाढण्याऐवजी पुष्कळदा घटतात.

जंतू रक्तात शिरले की रोगप्रतिकारक पेशी अगदी सुरुवातीलाच इंटरल्युकिन-6 हा निरोप सोडतात. तो लवकर वाढतो आणि काही तासांतच ओसरतो, त्यामुळे नेमका पकडणं अवघड. त्यानंतर प्रोकॅल्सिटोनिन हा संसर्गाचा आणखी एक निर्देशक दोन ते चार तासांत वर जाऊ लागतो. इंटरल्युकिनचा निरोप यकृतापर्यंत पोचला की यकृत सीआरपी तयार करतं. तो रक्तात वाढलेला दिसायला सहा ते आठ तास, आणि शिखर गाठायला एक ते दोन दिवस लागतात.

म्हणजे आजार सुरू होताच घेतलेल्या रक्तात सीआरपी नॉर्मल येऊ शकतो. तेवढ्यावर निर्धास्त होऊ नये. उलट, प्रसूती लांबली, बाळ गुदमरलं किंवा पोटात असताना केलेली शी फुप्फुसात गेली, तर जंतू नसतानाही सीआरपी वाढतो. प्रोकॅल्सिटोनिन तर जन्मानंतरच्या पहिल्या एक-दोन दिवसांत निरोगी बाळातही आपोआप चढतं. त्याचं नॉर्मल प्रमाण बाळाचं वय तासांत मोजून ठरवावं लागतं.

सीआरपीची मर्यादा साधारणतः दर लिटरला 10 मिलिग्रॅम धरतात. काही लॅब मात्र डेसिलिटरमध्ये लिहितात. तिथला 1 म्हणजे इथला 10. कल्याणच्या लॅबचा रिपोर्ट ठाण्याच्या डॉक्टरांना दाखवताना एकक तपासून घ्यावं.

खरा पुरावा ब्लड कल्चरचा, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीचा. त्यासाठी शक्यतो एक मिलिलिटर रक्त अँटिबायोटिक सुरू होण्याआधी घ्यावं लागतं आणि निकालाला साधारण दोन दिवस जातात. आजारी बाळाला तेवढी वाट पाहता येत नाही, म्हणून औषध आधी सुरू होतं. सीआरपीचा मोठा उपयोग पुढे होतो: चोवीस तासांच्या अंतराने दोनदा तो नॉर्मल आला, कल्चरमध्ये काही वाढलं नाही आणि बाळ छान दूध ओढू लागलं, तर डॉक्टर अँटिबायोटिक बंद करू शकतात. औषधांना न जुमानणारे जंतू वाढत असताना वेळेवर थांबणंही उपचाराचाच भाग आहे.

पण आजाराची पहिली खूण घरीच दिसते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीतल्या 39 गावांत हे सिद्ध केलं. तिथे लॅब नव्हती. आरोग्यदूत म्हणून शिकवलेल्या गावातल्याच बायका लक्षणांवरून सेप्सिस ओळखत आणि जेंटामायसिन या अँटिबायोटिकचं इंजेक्शन देत. घरच्या घरी मिळालेल्या अशा नवजात काळजीमुळे तिथले नवजात मृत्यू तिसऱ्या वर्षापर्यंत 62 टक्क्यांनी घटले. 1999 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे प्रसिद्ध झालं, पुढे देशभरच्या आशाताईंच्या गृहभेटींना हाच पाया मिळाला.

बाळाने दूध ओढणं सोडलं, ते मलूल झालं, अंग गार किंवा तापलेलं लागलं, कण्हू लागलं, छाती आत ओढली जाऊ लागली किंवा श्वास मिनिटाला 60 किंवा त्याहून जास्त होऊ लागले, तर त्याच क्षणी रुग्णालय गाठा. कालचा सीआरपी नॉर्मल होता म्हणून थांबू नका.