रान हिरवे दिसते, पण नांग्या किती?



खोडवा बांधावरून हिरवागार दिसतो आणि काट्यावर टनेज निम्मे भरते, हा अनुभव आपल्याला नवा नाही. म्हणूनच आम्ही सरीत उतरून नांग्या मोजतो. जंगलाचेही तसेच आहे, हे मुंबईला बोरिवलीच्या रानात गेल्यावर नीट कळले.

बोरिवली आणि मुलुंडच्या मधे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान पसरले आहे, १०० चौरस किलोमीटरहून थोडे अधिक. त्याच्या पोटात विहार (१८६०) आणि तुळशी (१८७९) हे तलाव. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांपैकी हे दोन. लगतच गोरेगावला १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे निसर्ग शिक्षण केंद्र आहे, तर पवईच्या आय.आय.टी.त उपग्रहाच्या चित्रांवरून जमीन, पाणी, रान अभ्यासायला शिकवतात.

पण उपग्रहाचे चित्र म्हणजे बांधावरून पाहणेच. भारतीय वन सर्वेक्षणाचे अहवाल १९८७ पासून निघतात. एक हेक्टरची जागा आणि १० टक्के झाडांची सावली, एवढे भरले की ती वनाच्छादनात धरतात. मग आंब्याची बागही त्यात बसते! व्याख्याच तशी आहे. शिकाऊ अभ्यासकाला मात्र ते आधी कळायला हवे.

म्हणून त्याला रानात उतरवावे लागते. दोरीने १० मीटर लांब-रुंद चौकोन आखायचा, झाडाचा घेर छातीच्या उंचीवर, १.३७ मीटरला, घ्यायचा. नुसती झाडे मोजून भागत नाही, रोपे आणि बुडखेही मोजायचे. बुडखा कुऱ्हाडीचा की करवतीचा, हे पाहायचे. मोठी झाडे ढीगभर आणि रोप एक नाही, तर समजावे की वणवा फिरतोय किंवा गुरे शेंडे खाताहेत. वरून मात्र सगळे हिरवेच! उलट कारवीचे बघा. ती इथे २०१६ साली फुलली, नंतर २०२४ साली. फुलून बी धरले की झाड वाळते. त्या साली उतारावरच्या वाळक्या काड्या पाहून कुणी ‘जंगलतोड’ लिहिले, तर तो फसलाच.

सर्वांत अवघड काम कारण शोधण्याचे. मोळी घेऊन जाणारी वारली बाई डोळ्यांना दिसते, म्हणून दोष पटकन तिच्यावर जातो. आरेत ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी दोन हजारांवर झाडे पाहता पाहता आडवी झाली. तिथे मोळीवालीचा काय संबंध? आमच्या मते अभ्यासकाने आधी माणसांशी बोलावे, मगच कारणाचा रकाना भरावा.

आता आपल्याकडे वळू. धरणाच्या वरचा डोंगर झिजला की गाळ धरणात येतो आणि उन्हाळ्यातली शेवटची पाळी आपल्याच उसाची चुकते. त्या डोंगरावर रोपे किती, हे आपण मोजलेले नाही. कृषी पदविका झालेल्या सभासदांच्या मुला-मुलींनी नावे गट कार्यालयात द्यावीत. दोरी व टेप आमचा विभाग देईल. दसऱ्यानंतर, गाळप सुरू होण्याआधी चार दिवस पुरतील. जाताना गावचा गुराखी सोबत घ्यावा. कोणत्या साली वणवा कुठून लागला, ते त्यालाच ठाऊक असते.