पाडवा ते पाडवा

धाराशिवकडच्या जुन्या सालगड्याला वय विचारू नका, 'सालं किती केली' ते विचारा. गडी लगेच बोलायला लागतो.

साल, म्हणजे वर्षभराची चाकरी, गुढीपाडव्याला ठरायचं. थोडी उचल रोख, बाकी ज्वारी, वर धोतरजोडी, पायताण नि जमलं तर घोंगडं. सुगीला शाळूची ज्वारी कापत नसत, मुळासकट उपटत. हाताला फोड यायचे. मग कणसं मोडायची, खळ्यात मधोमध तिवडा रोवायचा आणि बैलांची पात त्याभोवती फिरवायची, तोंडाला मुसक्या बांधून. मळणी झाली की वाऱ्याची वाट बघायची. उंचावर उभं राहून पाटीतून धान्य सोडायचं. दाणा खाली, भुसकट लांब. वारा पडला की काम बंद, गप्पा सुरू!

1972 च्या दुष्काळात मालकाचंच घर रिकामं, तर गड्याला काय देणार? माणसं खडी फोडायला, पाझर तलावांच्या कामावर गेली. रेशनवरच्या मिलो ज्वारीची आणि कामावर मिळणाऱ्या सुकडीची चव त्या पिढीला अजून आठवते. त्या कामांतूनच पुढे रोजगार हमीचा कायदा उभा राहिला, 1977 साली. देशाला तो 2005 मध्ये सुचला, हे आपल्याकडे अभिमानाने सांगायला हवं.

नंतर सोयाबीन आलं, मळणीयंत्र आलं. ज्वारीबरोबर कडबा घटला, कडब्याबरोबर बैल. तिवड्याचं लाकूड चुलीत गेलं.

तुमच्या घरात कुणी सालं केली असतील तर आज फोन समोर ठेवा, रेकॉर्डिंग लावा आणि खळ्याबद्दल विचारा.