विषण्णतेचे उपचार : औषधाने आणि औषधाविना – कारंजा लाड तालुक्याच्या संदर्भात

वऱ्हाडातील कारंजा लाड हे नगर श्रीनृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान म्हणून, जैन मंदिरांतील हस्तलिखितांच्या भांडारांमुळे आणि कापसाची जुनी पेठ म्हणून महाराष्ट्रास परिचित आहे. पूर्वी अकोला जिल्ह्यात असलेला हा तालुका १९९८ साली वाशीम जिल्हा निराळा झाल्यापासून त्या जिल्ह्यात मोडतो. येथील शेती बहुतांशी कोरडवाहू असून कापूस, तूर आणि सोयाबीन ही मुख्य पिके होत. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे केंद्र सरकारने २००६ साली विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष साहाय्य जाहीर केले, त्यांत वाशीमचा समावेश होता. तेव्हापासून कर्ज, सिंचन व बाजारभाव यांची पुष्कळ चर्चा झाली, आणि ती आवश्यकच होती. परंतु संकटात सापडलेल्या माणसांपैकी कित्येकांना एक ओळखता येण्याजोगी व बरी होण्याजोगी व्याधी जडलेली असते, या गोष्टीकडे त्या मानाने कमी लक्ष गेले. या व्याधीस येथे ‘विषण्णता’ म्हटले आहे. व्यवहारात तिला नैराश्य किंवा डिप्रेशन म्हणतात.

मनाच्या दुखण्यास गोळी घ्यावी काय, हा प्रश्न अशा घरांत नेहमी उपस्थित होतो व त्यावर दोन टोकांची मते ऐकू येतात. एका मताप्रमाणे हा केवळ मनाचा दुबळेपणा असून निर्धाराने तो घालविता येतो. दुसऱ्या मताप्रमाणे हा मेंदूतील रसायनांचा बिघाड असून गोळीवाचून त्यास उपाय नाही. गेल्या सात दशकांतील संशोधन यांपैकी कोणत्याही मतास दुजोरा देत नाही. ते कसे, हे पाहण्यापूर्वी व्याधीचे स्वरूप स्पष्ट केले पाहिजे.

व्याधीचे स्वरूप

पीक बुडाले किंवा घरातील माणूस गेले तर मनुष्य दुःखी होतो. हे दुःख म्हणजे व्याधी नव्हे. वैद्यकशास्त्राने विषण्णतेचे निकष ठरविले आहेत. निदान दोन आठवडे, जवळजवळ रोज व दिवसाचा बराच काळ मन उदास राहणे, किंवा पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींतही गोडी न वाटणे, यांपैकी एक लक्षण असावेच लागते. त्याच्या जोडीला झोप बिघडणे, भूक किंवा वजन यांत फरक पडणे, सतत थकवा, हालचालीत मंदपणा किंवा अस्वस्थता, चित्त एकाग्र न होणे, आपण निरुपयोगी किंवा अपराधी आहोत असे वाटणे व मरणाचे विचार येणे ही लक्षणे असतात. एकंदर नऊ लक्षणांपैकी पाच आढळली आणि त्यांमुळे कामधंदा किंवा घरसंसार अडू लागला, तर ती व्याधी समजतात. असा विकार प्राचीनांस अज्ञात नव्हता; चरकसंहितेत वाताच्या ऐंशी विकारांच्या गणनेत ‘विषाद’ हा शब्द आलेला आहे.

आपण विषण्ण आहोत, असे सांगत दवाखान्यात कोणी सहसा येत नाही. अंग दुखते, डोके जड वाटते, रात्री डोळ्यास डोळा लागत नाही, कशातच करमत नाही, अशी तक्रार घेऊन माणूस येतो. मग वेदनेची गोळी, सलाईन किंवा झोपेची गोळी मिळते. झोपेच्या गोळीने झोप लागते, परंतु व्याधी तशीच राहते. शिवाय अशी गोळी दीर्घकाळ घेतल्यास तिची सवय जडते. विषण्णतेवरील औषध व झोपेची गोळी या दोन अगदी निराळ्या वस्तू आहेत, हे अनेकांच्या ध्यानी येत नाही.

काही घरांत प्रथम ‘बाहेरचे’ काही झाले असावे अशी शंका येते व जाणत्याचा शोध सुरू होतो. कारंज्यासारख्या क्षेत्री गुरुचरित्राचे सात दिवसांचे पारायण करण्याचाही संकल्प होतो. उपासनेने मनास आधार मिळतो, दिवसास नियम येतो आणि चार माणसांचा सहवास घडतो. उपासना व उपचार यांत विरोध मानण्याचे कारण नाही. मात्र एकीसाठी दुसरा लांबणीवर टाकणे हितावह नव्हे.

औषधे : उपयोग व मर्यादा

या व्याधीवरील औषधांचा शोध काहीसा योगायोगाने लागला. १९५० नंतरच्या दशकाच्या प्रारंभी न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात क्षयाच्या रुग्णांना आयप्रोनियाझिड देत असता त्यांची चित्तवृत्ती उल्हसित झालेली आढळली. १९५७ साली स्वित्झर्लंडमधील रोलांड कून यांनी इमिप्रामीन या औषधाचा गुण प्रसिद्ध केला. १९८७ साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या फ्लुओक्सेटीनमुळे कमी त्रासदायक औषधांचे युग सुरू झाले. हे औषध आज जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे.

या औषधांविषयीची सर्वांत विस्तृत तुलना २०१८ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. तीत ५२२ चाचण्या व १,१६,४७७ रुग्ण यांचा विचार केलेला होता. तपासलेली एकवीसही औषधे निर्गुण गोळीपेक्षा सरस ठरली, तथापि सरासरी फरक माफक होता. व्याधी तीव्र असता औषधाचा लाभ अधिक स्पष्ट दिसतो आणि सौम्य असता तो निर्गुण गोळीपासून वेगळा काढणे कठीण जाते, असा निष्कर्ष २०१० च्या एका संकलित अभ्यासात निघाला. मेंदूतील सेरोटोनिन कमी पडल्याने व्याधी होते, हे सोपे स्पष्टीकरण मात्र आज टिकत नाही. औषध गुणकारी असणे व त्याच्या गुणाचे कारण पूर्णपणे ठाऊक असणे या भिन्न गोष्टी होत.

औषध घेणाऱ्याने काही गोष्टी जाणल्या पाहिजेत. गुण येण्यास दोन ते चार आठवडे व पूर्ण गुणास त्याहून अधिक काळ लागतो. मळमळ, झोपेतील बदल यांसारखे त्रास मात्र पहिल्याच आठवड्यात जाणवू शकतात. त्यामुळे ‘गोळीने उलट त्रासच झाला’ असे म्हणून कित्येक जण ती सोडतात. बरे वाटू लागल्यावरही औषध साधारणतः सहा ते नऊ महिने चालू ठेवतात आणि पुढे वैद्याच्या सल्ल्याने हळूहळू कमी करतात. एकाएकी बंद केल्यास चक्कर, बेचैनी, निद्रानाश असे त्रास होतात. पंचविशीच्या आतील रुग्णांत आरंभीच्या आठवड्यांत आत्मघाताचे विचार वाढण्याचा संभव असल्याने त्यांच्यावर विशेष लक्ष ठेवावे लागते. पूर्वी कधी अतिउत्साहाचे, न झोपता धावपळ करण्याचे झटके येऊन गेले असतील, तर ते डॉक्टरांस अवश्य सांगावे. अशा रुग्णांस केवळ हे औषध दिल्यास तसा झटका पुन्हा येऊ शकतो.

औषधाविना उपचार

औषधाविना उपचार म्हणजे उपदेश नव्हे. ‘मन घट्ट कर’ हा सल्ला ज्याला उठून तोंड धुणेही जड जाते, त्याच्या अपराधी भावनेत भरच घालतो. मानसोपचार ही ठरावीक पायऱ्यांची पद्धती असून तिचीही परीक्षा औषधांप्रमाणेच चाचण्यांनी झालेली आहे.

तिचा सर्वांत सुगम प्रकार कृतीवर आधारलेला आहे. पऱ्हाटी लाल पडलेली पाहून शेतकरी शेताकडे जाणे सोडतो. सावकाराची गाठ पडेल म्हणून बाजार टाळतो. कोणी विचारील म्हणून पारावर बसत नाही. प्रत्येक वेळी टाळल्याने क्षणभर सुटका वाटते, परंतु समाधान देणाऱ्या गोष्टीही सुटत जातात, कामे तुंबतात व मन अधिकच खचते. मन सुधारल्यावर काम करीन, असे रुग्ण म्हणतो. या उपचारात क्रम उलटा धरतात. समुपदेशक त्याच्याशी बोलून, बैलांस स्वतः पाणी दाखविणे, सायंकाळी एका मित्राकडे जाऊन येणे, अशी आवाक्यातील दोन-तीन कामे वेळेनिशी ठरवितो व पुढील भेटीत त्यांचा परिणाम पाहतो. मग कर्जाच्या पुनर्गठनासाठी बँकेत जाणे यासारख्या अवघड गोष्टींचे लहान भाग पाडले जातात.

गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत ‘संगाथ’ या संस्थेने या पद्धतीची चाचणी घेतली व तिचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. मध्यम ते तीव्र विषण्णतेच्या ४९५ रुग्णांपैकी निम्म्यांना सहा ते आठ भेटींचा हा उपचार मिळाला. तो देणारे डॉक्टर किंवा मानसशास्त्रज्ञ नसून अल्पकालीन प्रशिक्षण घेतलेले सामान्य नागरिक होते. तीन महिन्यांनी या गटातील ६४ टक्के रुग्ण लक्षणमुक्त झाले, तर केवळ नेहमीची वैद्यकीय सेवा मिळालेल्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होते.

विचारपद्धती सुधारण्यावर भर देणाऱ्या उपचाराचा आणखी एक गुण अमेरिकेतील २००५ च्या अभ्यासात दिसला. मध्यम व तीव्र व्याधीत हा उपचार व औषध यांनी आरंभी सारखाच गुण आला. परंतु उपचार संपल्यानंतरच्या वर्षात औषध थांबविलेल्यांपैकी ७६ टक्क्यांना व्याधी उलटली, औषध चालू ठेवलेल्यांपैकी ४७ टक्क्यांना, तर मानसोपचार घेतलेल्यांपैकी ३१ टक्क्यांनाच उलटली. शिकलेले कौशल्य उपचार संपल्यावरही रुग्णाजवळ राहते, असा याचा अर्थ होय.

निवड कशी करावी

यावरून निवडीचे सूत्र निघते. व्याधी सौम्य असता मानसोपचाराने आरंभ करावा. मध्यम असता औषध किंवा मानसोपचार यांपैकी जे उपलब्ध व रुग्णास मान्य असेल ते घ्यावे. तीव्र असता दोन्ही मिळून अधिक लाभ होतो. आत्मघाताचे विचार, भास, अन्नपाणी सुटणे किंवा पूर्वीचे उन्मादाचे झटके असल्यास मनोविकारतज्ज्ञाकडे नेण्यास विलंब करू नये, घरात रुग्णास एकटे ठेवू नये व फवारणीची औषधे त्याच्या हाती लागणार नाहीत अशी कुलूपबंद करावीत. रक्तक्षय किंवा थायरॉईडचा विकार यांमुळेही अशीच लक्षणे होतात, म्हणून प्राथमिक तपासणी सर्वांचीच व्हावी. यांपैकी कोणत्याही उपचाराने कर्ज फिटत नाही, हे उघड आहे. परंतु कर्जातून मार्ग काढण्यासाठी जे चित्त व जी उमेद लागते, ती परत मिळू शकते.

उपचार पोहोचण्याचा प्रश्न

२०१५-१६ साली निम्हान्स या संस्थेने देशातील बारा राज्यांत केलेल्या पाहणीत विषण्णतेच्या शंभरांपैकी सुमारे पंचाऐंशी रुग्णांना कोणताच उपचार मिळत नसल्याचे आढळले. महाराष्ट्र त्या पाहणीत नव्हता, परंतु खेड्यांतील स्थिती येथे फार निराळी असेल असे मानण्यास आधार नाही. म्हणजे औषध घ्यावे की न घ्यावे, हा वाद ज्यांच्यासाठी चालतो त्यांच्यापैकी बहुतेकांच्या वाट्यास दोहोंपैकी काहीच येत नाही.

ही स्थिती पालटता येते, याचा दाखला कारंज्याच्या शेजारीच, अमरावती जिल्ह्यात आहे. तेथील तीस खेड्यांत ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम राबविण्यात आला. गावातील आरोग्य कार्यकर्त्यांनी व्याधी ओळखून धीर द्यावा, समुपदेशकांनी मानसोपचार करावा व गरजेपुरते रुग्ण मनोविकारतज्ज्ञाकडे जावेत, अशी त्याची रचना होती. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणे, अठरा महिन्यांत उपचारासाठी कोणाकडे तरी गेलेल्या रुग्णांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. तुलनेसाठी निराळा गट नसल्याने सर्व श्रेय कार्यक्रमास देता येणार नाही. तरी तीच जमीन, तीच पिके व तीच भाषा असलेल्या प्रदेशातील हा अनुभव असल्याने कारंज्यास तो विशेष मोलाचा आहे.

कायदा व शासकीय योजना यांचा आधारही आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने शासकीय मानसिक आरोग्यसेवा मिळण्याचा हक्क प्रत्येकास दिला आणि आत्महत्येचा प्रयत्न करणारा मनुष्य तीव्र तणावाखाली होता असे गृहीत धरून त्यास शिक्षेपासून संरक्षण दिले. २०२२ पासून ‘टेलि-मानस’ या सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य सल्ला मिळतो. तथापि दूरध्वनी उचलण्याचेही बळ ज्याच्या अंगी उरत नाही, त्याच्यापर्यंत कोणी तरी चालत जावे लागते. ते काम गावातील आशा कार्यकर्ती, शिक्षक किंवा शेजारी करू शकतो. ‘झोप लागते काय, जेवण जाते काय, कशात मन लागते काय’, हे तीन प्रश्न विचारून शांतपणे उत्तर ऐकणे आणि जरूर तर त्या माणसाबरोबर रुग्णालयात जाणे, एवढ्यावरून उपचाराचा आरंभ होतो.